आधी त्याचं सांग

मास्तरांच्या पडवीत खुर्च्या होत्या, पण वाद घालायचा असला की खुर्चीवर बसायला बंदी होती. वादासाठी दोन लाकडी पाट होते. मास्तरांच्या लग्नातले. एकाला ते ‘माझा’ म्हणत आणि दुसऱ्याला ‘त्याचा’. ज्याला काही मत मांडायचं असेल त्यानं पहिल्यांदा ‘त्याच्या’ पाटावर बसायचं आणि समोरच्याचं म्हणणं सांगायचं. समोरचा ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ असं म्हणाला, तरच ‘माझ्या’ पाटावर सरकता येई. तो ‘नाही’ म्हणाला तर पुन्हा पहिल्यापासून.

“आधी त्याचं सांग,” मास्तर म्हणायचे. “तुझं काय, ते तुला पाठच आहे.”

मी नगरला कॉलेजात आलो तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत राहायला होतो. ते मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, ख्रिस्ती, आमच्यासारखेच. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी बोलताना अडखळतो, अजूनही. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर होत नसे. अशा मुलाला मास्तरांनी खोली दाखवायच्या आधी पडवीत उभं केलं आणि विचारलं, “उधळ्या मुलाची गोष्ट माहीत आहे ना? घर सोडून गेलेला धाकटा परत येतो आणि बाप मेजवानी घालतो, ती. तुला कोण आवडतो?”

“धाकटा,” मी म्हणालो.

“मग बस त्या पाटावर आणि थोरल्याचं सांग.”

मी ट्रंक खाली ठेवली आणि पाटावर बसलो. काय सांगणार? थोरला भाऊ शेतात राबत होता, परत येणाऱ्याचा आनंद त्याला बघवला नाही, एवढंच मला ठाऊक. मग मला माझा थोरला भाऊ आठवला. तो सोनईजवळच्या आमच्या गावी बापाबरोबर राबत होता, म्हणून तर मी ट्रंक घेऊन इथं आलो होतो. मी म्हणालो, “त्याला... म्हणजे मला वाटतं, त्याला बकरं नको होतं. त्याला कुणीतरी शेतावर बोलवायला यायला पाहिजे होतं. वाजंत्री सुरू झाली तरी त्याला कुणी सांगितलं नाही. त्याला गड्याला विचारावं लागलं.”

मास्तर ताडकन उठले. आत बघून ओरडले, “अगं, ऐकलंस का? गड्याला विचारावं लागलं! इतकी वर्षं शिकवतोय मी ही गोष्ट, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं!”

बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, “आधी त्या पोराला पाणी द्या.”

माझं बोलणं ऐकून कुणी उठून उभं राहिल्याचं मला आठवत नव्हतं.

मास्तर अंगानं किडकिडीत, आणि दुष्काळाच्या त्या वर्षीही छत्री घेऊन फिरणारे. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना ओळीखाली लाकडी पट्टी धरायचे. पुढची ओळ दिसता कामा नये. “पुढचं माहीत असलं की माणूस मागचं वाचतच नाही,” म्हणायचे. एक वचन संपेपर्यंत पट्टी हलायची नाही. कधी कधी एकाच वचनात सगळी संध्याकाळ जाई आणि पट्टी तिथंच राही.

आणि प्रत्येक वचनात ते एक गोष्ट शोधायचे. हात.

“हात बघा. तोंडं नंतर. तोंडं सगळी धार्मिक असतात.”

एका बाईला दगडांनी मारायचं म्हणून लोक प्रभूपुढे घेऊन येतात, तो प्रसंग आम्ही वाचत होतो. मास्तर म्हणाले, “लोकांच्या हातांत काय असणार?”

“दगड.”

“असतील. आणि प्रभूचा हात?”

“तो बोटानं जमिनीवर लिहितोय.”

“काय लिहितोय?”

मी उत्साहात म्हणालो, “त्या लोकांची पापं!”

“कुठं लिहिलंय?”

मी पट्टीच्या वर पाहिलं. कुठंच लिहिलेलं नव्हतं.

“माहीत नाही म्हण,” मास्तर म्हणाले. “म्हणून बघ. फार छान वाटतं.”

स्वतः ते ‘माहीत नाही’ हे शब्द असे उच्चारायचे की जणू बक्षीस मिळालंय. त्यांच्या मते शास्त्रात जे लिहिलेलं नाही ते आपण लिहिणं हेही खोटंच, कितीही भक्तीनं लिहिलं तरी.

ही पाटाची रीत ते शास्त्रापुरती ठेवत नसत. दूधवाल्याला त्यांनी एकदा दारात उभं केलं. “तुझं म्हणणं मी सांगतो. दुष्काळात पेंड मिळत नाही. म्हैस आटली. गिऱ्हाईक तोडता येत नाही. म्हणून तू दुधात थोडं पाणी घालतोस. बरोबर?”

“व्हय,” दूधवाला कळवळून म्हणाला, आणि मग त्यानं जीभ चावली.

“आता माझं ऐक. पाणी आम्ही घरी घालू. तू नुसतं दूध आण.”

बाई म्हणायच्या, “लग्न झाल्यापासून आमचं एक भांडण पुरं झालेलं नाही. मी चिडले की हे माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडतात. मग कुणावर चिडायचं तेच कळत नाही!”

पण खरी रंगत शनिवारी संध्याकाळी. जवळच्या दवाखान्यातले एक कंपाउंडर यायचे. ते कॅथलिक, मास्तर प्रॉटेस्टंट. दोघांचं भांडण एका शब्दावर होतं: ‘आहे’. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूनं भाकर मोडली आणि हे माझं शरीर आहे असं म्हटलं. कंपाउंडर म्हणायचे, आहे म्हणजे आहे. मास्तर म्हणायचे, ती खूण आहे, आठवण आहे.

एका शनिवारी कंपाउंडर जरा चढ्या आवाजात बोलले. मास्तर शांतपणे ‘त्याच्या’ पाटावर जाऊन बसले आणि डोळे मिटून बोलू लागले. “तुमचं म्हणणं असं, की आई आजारी मुलाला घास भरवते तेव्हा ती काही प्रेमाची खूण देत नाही, प्रेमच देते. जो जग नुसत्या शब्दानं करतो, त्यानं ‘आहे’ म्हटल्यावर आपण कोण ‘सारखं आहे’ म्हणणारे? खूण दूरच्या माणसाची ठेवतात. तो तर म्हणाला, मी जवळ आहे.”

कंपाउंडरांनी चष्मा काढून पुसला. “मास्तर,” ते म्हणाले, “आमच्या फादरनीसुद्धा हे असं सांगितलं नाही. येता का आमच्यात?”

“‘हो’ म्हणा आधी.”

“हो, हो, हेच!”

“मग आता तुम्ही माझं सांगा.”

कंपाउंडरांना ते काही जमेना. तीन शनिवार लागले. तिसऱ्या शनिवारी मास्तर एकदाचे ‘हो’ म्हणाले तेव्हा कंपाउंडरांनी टाळीसाठी हात पुढे केला. मत कुणाचंच बदललं नाही. पण मी त्या रात्री खोलीत आलो आणि झोपच येईना. एका ‘आहे’मध्ये एवढं असतं! आमच्या गावी आम्ही हा शब्द ‘हाय’ म्हणतो आणि पुढं जातो.

त्याच उन्हाळ्यात आबा नगरला आले. आबा म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. दुष्काळी कामावर खडी फोडून हातांना घट्टे पडलेले. पडवीत खुर्चीच्या कडेवर बसले आणि मला म्हणाले, “पोरा, तू शिकलेला हाईस. मला वचनं काढून दे. अशी दे, की नानाचं तोंड बंद झालं पायजे.”

नाना म्हणजे आबांचा धाकटा चुलतभाऊ. काय झालं ते मला तोवर तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, माझी परीक्षा जवळ आली होती म्हणून मी गावी गेलो नव्हतो. प्रभुभोजनासाठी, म्हणजे त्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत उपासनेत तुकडे वाटतात त्यासाठी, पाळकसाहेब दर वेळी नगरहून पाव आणायचे. त्या दिवशी ते दुसऱ्या गावाहून आले, पाव मिळाला नाही. मग आईनं घरातल्या मिलोची भाकर करून दिली. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी तांबडी ज्वारी, परदेशातून आलेली. तिकडं जनावरांना घालतात असं लोक म्हणत. पाळकसाहेबांनी ती भाकर मोडली, आबा तुकडे वाटू लागले. नानाची पाळी आली तेव्हा नानानं हात मागं घेतले. तुकडा भुईवर पडला. नाना उठून निघून गेला.

‘नानानं प्रभूची भाकर टाकली’ असं सगळ्या वस्तीत झालं. तेव्हापासून नाना आणि त्याच्या बाजूची चार घरं त्याच्या अंगणात वेगळी उपासना करत. आबा पेटी वाजवतात आणि नाना ढोलकी. दोघांची साथ लहानपणापासूनची. आता रविवारी इकडं ठेक्याविना पेटी आणि तिकडं सुराविना ढोलकी.

“परवा तर त्यानं माझ्या दारावरून जाताना सलाम बी केला न्हाई,” आबा म्हणाले. आवाज चिडका होता, पण तोंड त्यांनी रस्त्याकडे वळवलं.

मी तर सरसावलोच होतो. मी म्हणालो, “आबा, सोपं आहे. आपल्या शास्त्रात शब्दच ‘भाकर’ आहे. पाव असा शब्दच नाही! गरिबाच्या घरात जे असेल ते...”

मास्तर दारात उभे होते. “आधी त्याचं सांग,” ते म्हणाले.

मी पाटावर बसलो. “नानाचं म्हणणं, मिलो जनावरांचं खाणं आहे. ते प्रभूच्या मेजावर नको.”

“नाना ‘हो’ म्हणेल याला?”

“म्हणेल.”

“मिलो तो घरी खातो का?”

“खातो. सगळेच खातात.”

“मग जनावरांचं खाणं आहे म्हणून तो हात मागं घेईल, असं वाटत नाही. हात कसे होते त्याचे? पालथे? उताणे? पसरलेले?”

“मी नव्हतो तिथं.”

मास्तर आबांकडे वळले. आबा वैतागून म्हणाले, “मास्तर, हाताचं काय घेऊन बसलाय? हात म्हंजे हात.”

“मी येऊ का गावी?” मास्तरांनी विचारलं.

रविवारी सकाळी मास्तर एस.टी.त चढले ते दोन्ही पाट काखेत मारून. कंडक्टरनं पाहिलं आणि म्हणाला, “काय मास्तर, लगीन कुनाचं?”

“अजून जमायचंय,” मास्तर म्हणाले.

गावी देवळाबाहेर लिंबाच्या सावलीत सगळे जमले. आम्ही आमच्या प्रार्थनाघराला देऊळच म्हणतो. नाना येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. पण नगरचे मास्तर पाट घेऊन आलेत म्हटल्यावर तो बघायला आला आणि लांब, दगडावर टेकला. मास्तरांनी पाट मांडले, रीत समजावून सांगितली. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

“मग खरं काय, तेवढं सांगा ना मास्तर,” कुणीतरी म्हणालं. “पाव का भाकर?”

“माहीत नाही,” मास्तर आनंदानं म्हणाले. “त्या काळी तिकडं घरात जे भाजायचे तेच त्या रात्री मेजावर होतं, एवढं कळतं. आपण काय घ्यावं, ते लिहिलेलं नाही. आबा, या. त्याचं सांगा.”

आबा ‘त्याच्या’ पाटावर बसले. नानाकडे न बघता म्हणाले, “नानाचं म्हननं, पाव मिशनच्या साहेबाचा, म्हनून त्यो पवित्र. आन भाकर गरिबाची.”

“न्हाई,” नाना म्हणाला.

“मग मिलो जनावराचा.”

“न्हाई. मी काय जनावर हाय व्हय? मी रोज खातो की.”

“मग तुला माझ्याच हातचं नको आसंल! पंच मी झालो, तू न्हाई झाला, त्ये खुपतंय!”

“दादा, तोंड सांभाळा. न्हाई म्हंजे न्हाई.”

आबा उठायलाच लागले. मला वाटलं, संपलं सगळं. आता हे पुन्हा कधी समोरासमोर बसणार नाहीत. पण मास्तरांचा हातांचा प्रश्न डोक्यात होता आणि आबांच्या हातांकडे बघताना तो वेगळ्याच रूपात माझ्या तोंडातून बाहेर पडला.

“आबा, तुम्ही भाकर कशी दिली?”

“कशी म्हंजे? दिली.”

“करून दाखवा.”

आबांना राग आला, पण सगळे बघत होते. त्यांनी चिमूट धरली, हात उंच केला. “मिलोची भाकर, तिला काय चिकटपना? निस्ता भुगा हुतो. पाव आसला का ताटातनं ज्याचा त्यो उचलतो. ह्यो भुगा कसा उचलायचा? म्हनून मी म्हनलं, वंजळ करा. आन वरनं असं...”

आणि त्यांनी वरून, अलगद, चिमूट सोडली.

मी नानाकडे पाहिलं. नाना आबांच्या त्या हाताकडे बघत होता.

मला बोरं आठवली. लहानपणी आम्ही पोरं नानासाठी बोरं आणायचो. ओंजळीत टाकायला गेलं की नाना खेकसायचा, “हातात दे!” आम्हाला ती गंमत वाटे. आणि दुसरी गोष्ट आठवली, ती ऐकलेली. माझे आजोबा लवकर ख्रिस्ती झाले, आबा मिशनच्या शाळेत गेले. नानाच्या बापाकडं मात्र बरीच वर्षं गावची येसकरकी होती. गावची राखण, सांगावे, आणि त्याबदली संध्याकाळी दारोदार भाकर मागायची. नाना लहान असताना बापाबरोबर जायचा.

मी ‘त्याच्या’ पाटावर जाऊन बसलो. इतकं बोलावंसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

“नाना, मी... म्हणजे, चुकलं तर ‘न्हाई’ म्हण. तू लहानपणी भाकर मागायला जायचास. दारात उभं राहायचं, ओंजळ करायची किंवा फडकं पसरायचं. आणि बाई वरून भाकर टाकायची. शिवाशिव नको म्हणून. वरून. मग तुम्ही ख्रिस्ती झालात. देवळात ताट समोर आलं. पावाचा तुकडा तू आपल्या हातानं उचललास, मिशनच्या साहेबानं उचलला तसाच. तिथं कुणी वरून टाकत नव्हतं. सगळ्या जगात तेवढी एकच जागा होती. आणि त्या दिवशी तिथंच... ओंजळ करा म्हणाले. आणि भाकर, आणि वरून.”

मास्तरांनी हातातली छत्री खाली ठेवली.

नाना दगडावर पुढं सरकला. मग म्हणाला, “व्हय.” आणि पुन्हा एकदा, “व्हय रं पोरा. ह्येच.”

आबा उभेच होते. आपला उजवा हात ते उलटासुलटा करून बघत होते, जणू तो कुणा दुसऱ्याचा असावा. “मला काय म्हाईत,” ते पुटपुटले. “आरं, मला काय म्हाईत हुतं? आमच्या बानं कधी न्हेलंच न्हाई आमाला.”

“तुमाला कसं म्हाईत आसंल, दादा,” नाना म्हणाला. तो दगडावरून उठला, आला आणि मला हातानं बाजूला सारून स्वतः पाटावर बसला. “सरक. आता मी दादाचं सांगतो. दादाचं म्हननं, घरात पीठ हुतं एका येळचं. वैनीनं त्याची भाकर करून द्येवाला दिली आन सोता पानी पिऊन देवळात बसली. आन तीच भाकर म्या भुईला पाडली. आसंच ना?”

आबांनी मान हलवली.

“तोंडानं म्हणायला लागतं,” मास्तर हळूच म्हणाले.

“व्हय,” आबा म्हणाले.

आई बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, “दोघं बी येडे. आन मास्तर, तुमी बी. दुपार झाली, जेवायचं का न्हाई कुनाला?”

तेव्हा हसणं फुटलं. नाना मात्र हसला नाही. तो आईकडे वळून म्हणाला, “वैनी, मिलोचीच कर. मी खातो. प्रभुभोजनाला बी घील. पर वरनं नका टाकू. हातात द्या.”

जेवायला सगळे देवळातच बसलो. पहिली भाकर आबांनी उचलली. ती नानाच्या हातात देताना मोडलीच, मिलोचीच ती. थोडी आबांच्या बोटांत राहिली, थोडी नानाच्या, आणि दोघांनीही हात सोडवून घ्यायची घाई केली नाही. मास्तर समोर बसून बघत होते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं होतं. मी बघतच होतो.

पाव की भाकर याचा निकाल अजून लागलेला नाही. आबा ‘भाकर’ म्हणतात, नाना अजून ‘पाव’ म्हणतो, आणि दर महिन्याला दोघं त्यावर भांडतात. पेटी आणि ढोलकी मात्र एकाच देवळात आहेत. मास्तर पुढं मुलीकडे सोलापूरला राहायला गेले आणि मी वसतिगृहात आलो. तिथं पाट नाहीत. वाद निघाला की आधी समोरच्याचं सांगायला मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसतो, मुलं हसतात.

गावी गेलो होतो त्या रविवारी संध्याकाळी परतीच्या एस.टी.त मास्तर माझ्याशेजारी बसले होते. कंडक्टर तोच, सकाळचा. तिकीट फाडता फाडता त्यानं वाकून मास्तरांच्या काखेकडे पाहिलं.

“मास्तर, सकाळी दोन पाट हुते. दुसरा कुठं राहिला?”

मास्तरांनी हात पुढं केला, तिकीट नीट हातात घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “नांदायला ठेवला.”